द्रवाचे आकारमान आणि भांड्याची धारकता: एककांचे रूपांतर कसे करावे

द्रव मोजण्याची एकके अनेक असली, तरी रूपांतराचा सर्वांत भरवशाचा मार्ग एकच आहे: दिलेले माप प्रथम लीटरमध्ये आणावे आणि मग लीटरवरून हव्या त्या एककात जावे. १ लीटर म्हणजे १००० मिलिलीटर, १ मिलिलीटर म्हणजे १ घनसेंटिमीटर आणि १ घनमीटर म्हणजे १००० लीटर, एवढे पक्के लक्षात असले की दशमान पद्धतीतील बहुतेक उदाहरणे कागदाशिवाय सुटतात. एक मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, म्हणून एक घनमीटर म्हणजे १०० घनसेंटिमीटर असे मात्र समजू नये. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींना १०० ने गुणावे लागत असल्याने ते १० लाख घनसेंटिमीटर होतात.

खरी काळजी गॅलनच्या बाबतीत घ्यावी लागते, कारण गॅलन दोन आहेत. अमेरिकी गॅलन ३.७८५ लीटरचा, तर ब्रिटिश गॅलन ४.५४६ लीटरचा असतो. त्यामुळे ‘५० गॅलन’ असे नुसते लिहिलेली टाकी पहिल्या मापाने सुमारे १८९ लीटरची, तर दुसऱ्या मापाने सुमारे २२७ लीटरची ठरते. औंसाच्या बाबतीत हा क्रम उलटतो, हे मला विशेष ध्यानात ठेवण्यासारखे वाटते: ब्रिटिश गॅलन मोठा असूनही त्याचे १६० भाग होतात, म्हणून त्याचा द्रव औंस २८.४१ मिलिलीटरचा असतो. अमेरिकी गॅलनचे १२८ च भाग होत असल्याने तेथील औंस २९.५७ मिलिलीटरचा भरतो. माप कोणत्या पद्धतीचे आहे हे कळल्याशिवाय गुणाकाराला हात घालू नये.

भांड्यावर धारकता लिहिलेली नसेल, तर ती मोजून काढता येते. परंतु मोजमाप आतल्या बाजूने घ्यावे. बाहेरून ६० × ४० × ३५ सेंटिमीटर भरणारी, वरून उघडी पेटी ८४ लीटरची वाटते. तिच्या भिंती आणि तळ प्रत्येकी १ सेंटिमीटर जाड असतील, तर आतली मापे ५८ × ३८ × ३४ होतात आणि धारकता ७५ लीटरपेक्षा किंचित कमीच निघते.

उभ्या दंडगोल टाकीसाठी त्रिज्येचा वर्ग, ३.१४१६ आणि उंची यांचा गुणाकार करावा. आतला व्यास १०० सेंटिमीटर आणि उंची १२० सेंटिमीटर असल्यास ५० × ५० × ३.१४१६ × १२० म्हणजे सुमारे ९,४२,४८० घनसेंटिमीटर, अर्थात ९४२ लीटर. येथे त्रिज्येऐवजी चुकून व्यास घेतला, तर उत्तर चौपट येते. अशा टाकीत पाण्याची पातळी १ सेंटिमीटरने वाढली की ७.८५ लीटर पाणी वाढते, म्हणून खुणा केलेली सरळ काठी बुडवूनही आतील पाणी मोजता येते. आडव्या दंडगोल टाकीला हा हिशेब लागू पडत नाही: तिच्यात व्यासाच्या चौथ्या हिश्श्याइतके पाणी उभे असेल, तेव्हा ती पाव नव्हे, तर साधारण १९.६ टक्केच भरलेली असते.

मापे फुटांत घेतली असल्यास घनफुटांना २८.३१७ ने गुणले की लीटर मिळतात. गुणक आधीच तोकडा करू नये. ५०० अमेरिकी गॅलनसाठी ३.७८५ ऐवजी ३.८ धरल्यास सात लीटरांहून अधिक फरक पडतो. पूर्णांकात आणायचे ते फक्त शेवटचे उत्तर.