जेजेंची मुंबई पोरांना कशी दाखवावी

मी माहीमला शाळेत इतिहास शिकवते. एकोणिसाव्या शतकातले पारशी व्यापारी सर जमशेटजी जिजीभॉय, म्हणजेच ‘जेजे’, यांच्या देणग्यांची यादी पाठ करून घेण्यात अर्थ नाही. त्या वापरात असलेल्या दाखवायच्या. म्हणून पुतळ्यापासून सुरुवात करू नका आणि रविवारही नको. कामाचाच वार धरा.

सकाळी सातच्या आत वांद्र्याच्या बाजूने माहीम कॉजवेवर या आणि माहीमकडे चालू लागा. उशीर झाला की हॉर्नपुढे तुमचं कोण ऐकणार? मध्ये थांबून खाडी दाखवा. १८४५ पर्यंत हे पाणी होडीनेच ओलांडायचं, आणि होड्या बुडायच्या. सरकार खर्चाला तयार होईना. तेव्हा जमशेटजींच्या पत्नी आवाबाईंनी १,५७,००० रुपये दिले. अट एकच: जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही. समोर टोलवाला सी-लिंक दिसतोच. पुढचं पोरं आपणहून बोलतात. माहीमला उतरल्यावर एल. जे. रोडची पाटी वाचायला लावा, ‘लेडी जमशेटजी’ म्हणजे याच बाई.

माहीमहून सीएसएमटीची हार्बर पकडा, सँडहर्स्ट रोडला उतरा. गाडीत बसायला मिळालं तर पैसा आला कुठून ते सांगून टाका: चीनशी व्यापार, कापूस आणि अफू. अफू गाळू नका. दानशूर माणसाची ती बाजू झाकणारे धडे मला पटत नाहीत, आणि सातवीतलं पोर विचारल्याशिवाय राहत नाही.

तिथून जेजे हॉस्पिटल चालत. केसपेपरची रांग लांबूनच दाखवा, फोन खिशात ठेवायला सांगा. लोक आजारी आहेत, सहल त्यांची नाही.

मग टॅक्सीने भुलेश्वरचा पांजरापोळ, म्हणजे बेवारस जनावरांचा आसरा. मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून १८३२ मध्ये मुंबईत दंगल पेटली होती. दोन वर्षांनी जमशेटजी आणि अमीचंद शहा यांनी हा पांजरापोळ काढला. गल्ली इतकी चिंचोळी की आत एवढी गुरं असतील असं वाटतच नाही. चाऱ्यासाठी सुटे पैसे जवळ ठेवा. पोरांना इथून हलवणं सगळ्यात अवघड, वेळ हातचा राखून या.

शेवटी सीएसएमटीजवळचं जेजे स्कूल ऑफ आर्ट. १८५७ साली सुरू झालं, जमशेटजींच्या एक लाखावर. वर्ग घेऊन जाणार असाल तर आधी पत्र द्या. ऐनवेळी गेटवर वॉचमनशी हुज्जत घालून काही होत नाही.