शिडाच्या बोटीसाठी बॅटरी निवडताय? या चुका टाळा

शिडाच्या बोटीवर बॅटरी लवकर संपण्याचं नेहमीचं कारण ती लहान होती हे नसतं, ती कधी पूर्ण भरलीच नाही हे असतं. इंजिन चालतं ते बंदरातून निघताना आणि परतताना, मिळून तास-दीड तास. बाकीचा सगळा वेळ फ्रीज, ऑटोपायलट आणि दिवे बॅटरीतून ओढतच असतात. म्हणून बॅटरीवरचा आकडा बघण्याआधी ती भरणार कशी, ते ठरवा.

अंदाजपंचे क्षमता

आधी १०० अँपिअर-तासांची होती, आता २०० ची टाकू, याला हिशोब म्हणत नाहीत. कागद घ्या आणि प्रत्येक उपकरणाचे अँपिअर, ते चोवीस तासांत जितके तास चालतं त्याने गुणा. १२ व्होल्टच्या बोटीचं, रात्रंदिवस शिडावर चालतानाचं एक उदाहरण: फ्रीज ५ अँपिअर, पण निम्मा वेळ चालू, म्हणजे ६० अँपिअर-तास. ऑटोपायलट सरासरी २.५ अँपिअर, म्हणजे ६०. चार्टप्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारा पडदा) आणि इतर उपकरणं २ अँपिअर, ४८. व्हीएचएफ रेडिओ नुसता ऐकत असताना अर्धा अँपिअर, १२. एलईडी नेव्हिगेशन दिवे रात्रभर ६, केबिनचे दिवे ४. बेरीज १९०. हीच बोट नांगर टाकून उभी असेल तर ७० च्या आसपास भागतं. दोन्ही हिशोब वेगळे मांडा.

आता खरी मेख. लेड-अ‍ॅसिड बॅटरी ५० टक्क्यांच्या खाली वारंवार उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. वरच्या बाजूला, ८०-८५ टक्के भरल्यावर ती करंट घेणंच कमी करते आणि शेवटचा भाग भरायला कित्येक तास लागतात. तेवढा वेळ इंजिन कोणी चालवत नाही. म्हणजे रोजच्या वापरात हाती लागतात जेमतेम ३० ते ३५ टक्के. १९० साठी ६०० अँपिअर-तासांची बँक (एकत्र जोडलेल्या बॅटऱ्यांचा संच) हवी, आणि तिचं वजन दीडशे किलोच्या वर जातं. लिथियम आयर्न फॉस्फेटमधून ८० टक्के निर्धास्त काढता येतात, त्यामुळे तिथे २४० पुरतात आणि वजन तीसेक किलो.

अर्धवट भरलेल्या लेड-अ‍ॅसिडच्या प्लेटांवर सल्फेट कडक होत जातं आणि मग ते परत विरघळत नाही. लेड-अ‍ॅसिडच ठेवणार असाल तर सोलर पॅनेल लावाच. तो शेवटचा संथ भाग भरायचं काम पॅनेल दिवसभर निमूटपणे करतं.

इंजिनची बॅटरी घरकामाला

स्टार्टर बॅटरीत प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात. काही सेकंद शेकडो अँपिअर देणं हे तिचं काम. तिच्यावर फ्रीज चालवला तर मोजक्याच वेळा खोलवर उतरली की ती बसते. सीसीए (थंडीत इंजिन सुरू करायला किती करंट देते) हा आकडा इंजिनसाठी बघायचा, फ्रीज-दिवे चालवणाऱ्या घरच्या बँकेसाठी नाही. दोन्ही बँका वेगळ्या ठेवा, आणि अडचणीच्या वेळी जोडायला मध्ये एक स्विच.

चार्जर जुना, बॅटरी नवी

लेड-अ‍ॅसिडचे तीन प्रकार: पाण्याच्या (पातळ अ‍ॅसिड असलेल्या) बॅटरीला भरताना १४.४ ते १४.८ व्होल्ट लागतात, एजीएमला (अ‍ॅसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेलं) १४.४ ते १४.७. जेलला (अ‍ॅसिड घट्ट केलेलं) मात्र १४.१ ते १४.४ च्या वर नेऊ नका; जेलमध्ये बुडबुडे अडकतात आणि ते नुकसान भरून येत नाही. नेमका आकडा उत्पादकाच्या तक्त्यातून घ्या. दोन बँकांमध्ये जुना डायोड आयसोलेटर (चार्ज दोन्हीकडे वाटणारा, पण एकीतून दुसरीत जाऊ न देणारा भाग) असेल तर तिथेच ०.६-०.७ व्होल्ट जातात. अल्टरनेटर (इंजिनवर फिरणारं जनित्र) १४.२ देतो, बॅटरीला मिळतात १३.५. अशी बॅटरी जन्मभर अर्धपोटी राहते आणि दोष कंपनीला जातो.

लिथियम थेट अल्टरनेटरवर

लिथियम बॅटरी अल्टरनेटर देईल तेवढा करंट ओढत राहते. कमी फेऱ्यांवर पंख्याची हवा पुरत नाही आणि अल्टरनेटर जळतो. दुसरा धोका असा, की बीएमएसने (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने) चार्जिंग चालू असताना बॅटरी अचानक तोडली तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड उडतात. उपाय: अल्टरनेटर स्टार्टर बॅटरीला जोडा आणि तिथून लिथियमला डीसी-डीसी चार्जरने भरा. साध्या बोटीला ३० अँपिअरचा पुरतो.

बीएमएसची मर्यादाही तपासा. २००० वॉटचा इन्व्हर्टर (बॅटरीतून घरगुती वीज देणारं यंत्र) १२ व्होल्टवर १८० अँपिअरच्या वर ओढतो. १०० अँपिअरचा बीएमएस तिथे सरळ बंद पडेल. शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करायची नाही. शिवाय तिचं व्होल्टेज बराच काळ १३.२-१३.३ लाच थांबलेलं दिसतं, त्यामुळे व्होल्टमीटरवरून काही कळत नाही. शंट (करंट मोजणारी पट्टी) असलेला मॉनिटर हवा, आणि बिल्ज पंपासकट (तळाचं पाणी उपसणाऱ्या) प्रत्येक निगेटिव्ह वायर शंटमधूनच गेली पाहिजे.

फ्यूज, वायर, जागा

मुख्य फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलपासून २० सेंटीमीटरच्या आत. लिथियमला टी-क्लास (प्रचंड करंट तोडू शकणारा) फ्यूज, कारण तिचा शॉर्ट सर्किट करंट साधा फ्यूज तोडू शकत नाही. फ्रीज ६ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १२ मीटर वायर होते. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ५ अँपिअरला ०.४ व्होल्ट जातात, ४ च्या वायरीत पाव व्होल्ट. पॅरलल बँकेत पॉझिटिव्ह पहिल्या बॅटरीवरून आणि निगेटिव्ह शेवटच्या बॅटरीवरून घ्या, आणि जुनी-नवी एकत्र जोडू नका. इंजिनच्या उष्णतेत बॅटरी ठेवू नका. पाण्याची बॅटरी बोट कलली की अ‍ॅसिड सांडते. समुद्राचं पाणी आत गेलं तर क्लोरीन वायू तयार होतो. पट्टे घट्ट हवेत, हवा खेळती हवी.

नवी आणण्याआधी

लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरा, सगळं बंद करून बारा तास ठेवा. १२.७ च्या आसपास दिसायला हवं. मग १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर ५ अँपिअरचा लोड लावून १०.५ व्होल्ट होईपर्यंत वेळ मोजा आणि लगेच परत भरा. वीस तास टिकली तर ती धडधाकट आहे; बारा तासांत संपली तर ६० अँपिअर-तासच उरले. पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी) एका सेलला इतरांपेक्षा ०.०५ कमी दाखवत असेल तर तो सेल गेला.

पण त्याहीआधी जोड बघा. इन्व्हर्टरवर मोठा लोड चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन टर्मिनलच्या शिशावर आणि दुसरी वायरीच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) टेकवा. ०.१ व्होल्ट दिसले तरी तिथे गडबड आहे. लग हाताला कोमट लागेल. लोड बंद करा, वायर सोडवा, लगजवळचं आवरण बोटभर सोला: तांब्याचे तंतू काळे पडलेले आणि मुळाशी हिरवट भुकटी दिसली, तर बॅटरी नाही, वायर बदलायची आहे. नवी घेताना कथिलाचा मुलामा असलेलीच घ्या.