लहान संशोधनपत्रिका ऑनलाइन आणताना ग्रंथालयाने काय करावे

मुंबईतील महाविद्यालये आणि अभ्यासमंडळे यांच्या अनेक मराठी संशोधनपत्रिकांचा भार एक-दोन प्राध्यापकच वाहतात आणि संपादक निवृत्त झाले की संकेतस्थळाचा पासवर्डही हाती राहत नाही. म्हणून लेखांची निवड व समीक्षण संपादकांकडेच ठेवून, पत्रिका टिकवण्याचे काम ग्रंथालयाने स्वीकारावे आणि ही वाटणी आरंभीच लेखी करावी. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, संस्थेच्या नावे घ्यावे.

प्रकाशनासाठी पब्लिक नॉलेज प्रोजेक्टची (पीकेपी) ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ ही मुक्त प्रणाली पुरेशी आहे. लेख स्वीकारणे, समीक्षकांकडे पाठवणे आणि अंक प्रसिद्ध करणे हे सारे तिच्यात होते. तिला परवानाशुल्क नाही. मात्र सर्व्हर, बॅकअप आणि नव्या आवृत्त्या यांकडे पाहणारा माणूस नेमावाच लागतो. छापील अंकाचा आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक, ऑनलाइन आवृत्तीला चालत नाही. तिच्यासाठी दिल्लीतील आयएसएसएनच्या राष्ट्रीय केंद्राकडे वेगळा अर्ज करावा. तो क्रमांक विनामूल्य मिळतो.

खरे कष्ट जुन्या अंकांत आहेत. ते बहुधा युनिकोड ही अक्षरांची जागतिक संकेतप्रणाली रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेले असल्याने पीडीएफ डोळ्यांना नीट दिसते, पण शोधयंत्राला त्यातले एकही मराठी अक्षर कळत नाही. रूपांतर करणाऱ्या संगणकप्रणालीने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, तरी त्यावर विसंबू नये. ‘मार्मिक’ हा शब्द घ्या: जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी ‘म’च्या आधी आणि रफार त्याच्यानंतर टंकलेला असतो, तर युनिकोडमध्ये रफाराचा ‘र्’ आधी येतो आणि वेलांटी व्यंजनानंतर. हा क्रम चुकला की शब्द शोधात सापडत नाही. त्यामुळे प्रत्येक लेखाचे मुद्रितशोधन मराठी जाणणाऱ्या माणसानेच करावे. निदान शीर्षक, सारांश आणि लेखकाचे नाव तरी निर्दोष असावे, आणि ही माहिती देवनागरीबरोबर रोमन लिपीतही द्यावी.

जुने लेख चढवण्यापूर्वी हक्क तपासावेत. मानधन न घेता लिहिणाऱ्या प्राध्यापकाने हक्क लेखी दिले नसतील, तर ते सहसा त्याच्याकडेच राहतात आणि भारतीय कायद्यानुसार त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतात, म्हणून लेखकाची किंवा वारसांची संमती मिळवावी. नव्या लेखांसाठी लेख स्वीकारतानाच क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना, म्हणजे इतरांनी लेख कोणत्या अटींवर वापरावा हे सांगणारा खुला परवाना, ठरवून घ्यावा.

आयएसएसएन मिळून पहिला अंक प्रसिद्ध झाला की पीकेपी प्रिझर्वेशन नेटवर्कमध्ये नाव नोंदवावे. ओपन जर्नल सिस्टिम्सवरील पत्रिकांच्या प्रती तिथे निरनिराळ्या संस्थांत विनामूल्य जतन केल्या जातात. शिवाय मूळ फाइलींची एक प्रत मुंबईबाहेरच्या एखाद्या सहयोगी ग्रंथालयात ठेवावी आणि ती उघडते का, हे दरवर्षी पाहावे.