घरचा खाऊ करताना आणि खाताना या चुका टाळा

घरचं आहे म्हणून कितीही खाल्लं तरी चालतं, हा समज आधी सोडा. भाजलेले शेंगदाणे पौष्टिकच, पण १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात. चर्चगेटहून विरार लोकलने घरी पोचेपर्यंत पोटात कावळे ओरडत असतात, आल्या आल्या हात थेट बरणीत जातो आणि माप तिथेच सुटतं. एका वेळी मूठभर, साधारण ३० ग्रॅम, वाटीत काढा, झाकण लावा, मग बसून खा. त्याहून बरं म्हणजे ऑफिसमधून निघतानाच थोडे भाजलेले चणे किंवा एखादं फळ खाऊन घ्यावं.

दुसरी चूक गुळाची. ‘लाडू गुळाचे आहेत, घे अजून एक’ असा आग्रह घरोघरी होतो. पण कॅलरीच्या बाबतीत गूळ आणि साखर जवळपास सारखेच, आणि गुळानेही रक्तातली साखर वाढतेच. मधुमेह असलेल्यांना असा आग्रह अजिबात करू नका. लाडू मुळातच लिंबाएवढे वळा.

चिवड्यात सगळ्यात जास्त गडबड होते. तळलेल्या पोह्यांपेक्षा पातळ पोहे भाजून केलेला चिवडा केव्हाही चांगला, मात्र आच मोठी ठेवली की पोहे आक्रसतात. मंद आचेवर, थोडे थोडे भाजा. पोहा बोटांत चुरला की झाला. पाव किलो पोह्यांना दोन मोठे चमचे तेल पुरतं. मिरची आणि कढीपत्ता धुतल्यावर नीट पुसून घ्या आणि फोडणीत कुरकुरीत होऊ द्या. त्यांच्यात ओल राहिली की चिवडा दुसऱ्या दिवशीच मऊ पडतो. मीठ बेतानंच घाला, शेव मिसळणार असाल तर आणखी कमी.

आणि गरम चिवडा डब्यात भरू नका. वाफ धरते. मुंबईच्या पावसाळ्यात तर नीट भरलेला चिवडाही सादळतो, म्हणून एकदम किलोभर करण्यापेक्षा आठवड्यापुरताच करा. सादळलाच तर कढईत मंद आचेवर परतून, पूर्ण गार करून भरा. मात्र शेंगदाण्यांना किंवा सुक्या खोबऱ्याला खवट वास येत असेल तर परतून काही उपयोग नाही, टाकूनच द्या.