बिल्ड चालू असताना लाइट गेली तर
सोलापुरात एप्रिल-मेच्या दुपारी लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि इंकस्केपसारखं (चित्रं काढायचं) मोठं अ‍ॅप्लिकेशन सोर्स कोडवरून कंपाइल करायला, म्हणजे त्याचा बिल्ड करायला, जुन्या पीसीला बराच वेळ लागतो. लाइट आल्यावर बिल्ड फोल्डर पुसून पहिल्यापासून सुरू करू नका. तीच कमांड परत द्या. बिल्ड करणारं टूल मेक असो की निंजा, झालेल्या फायली सोडून उरलेल्याच कंपाइल होतात. फक्त मशीन बंद पडताना जी फाइल लिहिली जात होती, ती अर्धवट किंवा शून्य बाइटची राहू शकते. लिंकिंगच्या वेळी, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे शेवटी जोडताना, 'फाइल ट्रंकेटेड' असा एरर आला, तर त्यात नाव आलेली डॉट-ओ फाइल (कंपाइल झालेला तुकडा) तेवढी डिलीट करा आणि कमांड पुन्हा द्या.

गिट क्लोनचं, म्हणजे सोर्स कोड नेटवरून उतरवण्याचं, मात्र तसं नाही. मध्येच तुटलं की पुन्हा शून्यापासून! म्हणून क्लोनच्या कमांडला 'डेप्थ 1' लावून जुना इतिहास सोडून फक्त ताजा कोड उतरवा, सबमोड्यूल्ससकट (त्यात जोडलेले दुसऱ्या प्रोजेक्टचे कोड). उबुंटूवर बिल्डला लागणाऱ्या लायब्ररी एकेक शोधण्यापेक्षा सोर्स रेपॉझिटरी चालू करून 'एपीटी बिल्ड-डेप' ही त्या एकदम बसवणारी कमांड चालवलेली बरी. आणि रॅम 4 जीबीच असेल तर निंजाला 'जे 2' (एका वेळी दोनच कामं) सांगा, नाहीतर तो सगळे कोअर कामाला लावतो आणि माउससुद्धा हलत नाही.