पंचगंगेच्या पुराचं मॉडेल घरच्या लॅपटॉपवर कसं करायचं, आणि बदलतं हवामान त्यात नेमकं कुठे घालायचं

कोल्हापुरात जुलै लागला की सकाळी उठल्या उठल्या एकच प्रश्न असतो, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला किती फूट झालं. 39 ला इशारा, 43 ला धोका, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. 2019 आणि 2021 दोन्ही वेळेला पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि तेव्हापासून सगळे विचारतात की आता पुढे काय, अजून किती वाढणार. याचं उत्तर अंदाजपंचे देण्यापेक्षा स्वतः मॉडेल करून बघता येतं, सॉफ्टवेअर फुकट आहे, बराचसा डेटाही फुकट आहे. इंजिनिअरिंग किंवा भूगोलाचे विद्यार्थी असाल, किंवा नुसतं एक्सेल नीट येत असेल आणि दोनतीन महिने चिकाटी ठेवायची तयारी असेल तरी जमेल.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण बहुतेक प्रोजेक्ट इथेच घसरतात. हवामान बदलाचा भाग सगळ्यात शेवटी घ्यायचा. आधी तुमच्या मॉडेलने 2019 आणि 2021 चा पूर जमवून दाखवला पाहिजे, जो झालेला पूर दाखवू शकत नाही त्याने 2050 चं काही सांगितलं तर ते कुणी का ऐकावं?

सॉफ्टवेअरचं पटकन सांगतो. पाऊस पडल्यावर किती पाणी नदीत येईल यासाठी हेक-एचएमएस, ते पाणी नदीतून कसं जाईल आणि कुठे पसरेल यासाठी हेक-रास, दोन्ही अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर विभागाची आणि दोन्ही फुकट. नकाशांसाठी क्यूजीआयएस. इन्स्टॉल केल्या केल्या युनिट मेट्रिक करून घ्या, नंतर फूट आणि मीटरचा घोळ निस्तरत बसायला लागतं. आपल्याकडे धरणवाले क्युसेकमध्ये (सेकंदाला इतके घनफूट) बोलतात, मॉडेल क्युमेकमध्ये (सेकंदाला इतके घनमीटर), तर 1 क्युमेक म्हणजे साधारण 35.3 क्युसेक हे भिंतीवर लिहून ठेवा. आणि 1 टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे 2.83 कोटी घनमीटर.

आता पाऊस. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण मॉडेल चुकतं ते बहुतेक वेळा पाऊस चुकल्यामुळे. आयएमडीचा, म्हणजे हवामान खात्याचा, ग्रिड डेटा (नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाचा पाऊस) 1901 पासून रोजचा मिळतो, पायथन येत असेल तर काही ओळींत उतरवता येतो. पण त्याचा एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे साधारण 27 किलोमीटरचा असतो. गगनबावड्याला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस, कोल्हापूर शहरात 1000 च्या आसपास, आणि दोघांमधलं अंतर फक्त पन्नासेक किलोमीटर, म्हणजे अख्खा घाटाचा उतार जेमतेम दोन चौकोनांत बसतो आणि घाटमाथ्याचा खरा पाऊस सरासरीत विरघळून जातो. मग मॉडेलमध्ये पूर येतच नाही आणि लोक बाकीचे आकडे ओढून ताणून बसवत बसतात. त्यापेक्षा गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा, करवीर असे तालुक्यातले रोजचे आकडे गोळा करा, कृषी विभागाचे मंडलनिहाय आकडे मिळतात तेही घ्या, आणि ग्रिडचा पाऊस त्यांच्या प्रमाणात दुरुस्त करा.

अजून एक बारीक गोष्ट, जी फार जणांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. 23 जुलैच्या नावाने लिहिलेला पाऊस हा 22 च्या सकाळी साडेआठपासून 23 च्या साडेआठपर्यंतचा असतो. उपग्रहाचा डेटा मात्र जागतिक वेळेने असतो, त्याचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. हे जुळवलं नाही तर पुराचा शेंडा, म्हणजे सर्वात उंच पातळी, एक दिवस मागेपुढे सरकतो आणि तुम्ही उगाच नदीला दोष देता.

पाऊस झाला की पुढचं, त्यातलं जमिनीत किती मुरलं आणि वाहून किती आलं. सुरुवातीला कर्व्ह नंबरची पद्धत पुरे. माती आणि जमिनीचा वापर बघून 0 ते 100 मधला एक आकडा द्यायचा, जितका मोठा तितकं पाणी जास्त वाहणार. एक उदाहरण एक्सेलमध्ये करूनच बघा. कर्व्ह नंबर 75 घ्या. 100 मिलिमीटर पाऊस पडला तर वाहून येतं साधारण 41 मिलिमीटर. 200 पडला तर 125. म्हणजे पाऊस दुप्पट, पाणी तिप्पट! आणि 100 चा 120 झाला, फक्त 20 टक्के वाढ, तर वाहून येणारं पाणी 41 चं 56 पूर्णांक काहीतरी होतं, म्हणजे जवळजवळ 38 टक्के वाढ. हवामान बदलात थोडा पाऊस वाढला तर काय एवढं, असं जे म्हणतात त्यांना हा हिशोब दाखवा.

याच जागी जमीन आधीच भिजलेली असेल तर 75 चा आकडा 87 पर्यंत जातो आणि त्याच 100 मिलिमीटरचं 66 मिलिमीटर पाणी येतं. म्हणून जूनमधला 100 मिलिमीटर पाऊस आणि ऑगस्टमधला 100 मिलिमीटर पाऊस एक नाही. एका दिवसाचा पाऊस घालून मॉडेल चालवू नका, किमान दीडदोन महिने आधीपासून चालवा म्हणजे जमीन आपोआप भिजत येते (त्यासाठी हेक-एचएमएसमध्ये सलग चालणारी पद्धत निवडायला लागते, कर्व्ह नंबर एकटा एका पुराला ठीक आहे). आकडा बरोबर आला का हे तपासायला 1000 चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर म्हणजे साधारण 3.5 टीएमसी एवढं लक्षात ठेवा. राधानगरी धरण अख्खं आठ टीएमसीच्या थोडं वर आहे, त्यावरून अंदाज येतो.

धरणं विसरू नका. भोगावतीवर राधानगरी, शिवाय तुळशी, कुंभी, कासारी. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पाणीपातळीवर आपोआप उघडतात आणि एकेका दरवाजातून 1428 क्युसेक जातं, सातही उघडले तर 10 हजारच्या जवळ, वीजगृहाचं वेगळं. हे मॉडेलमध्ये घालणं सोपं आहे, कारण नियम पातळीचा आहे, माणसाच्या निर्णयाचा नाही. बाकीच्या धरणांचा विसर्ग रोजच्या पूर अहवालातून उतरवून घ्या.

मग नदी. जमिनीच्या उंचीसाठी 30 मीटरचा कोपर्निकसचा (युरोपच्या उपग्रह कार्यक्रमाचा) नकाशा चालतो, पण त्याला पाण्याखालचं पात्र दिसत नाही, त्याच्यासाठी नदी म्हणजे पाण्याचा सपाट पृष्ठभाग. त्यामुळे पात्राचे छेद कुठून तरी मिळवायलाच लागतात, पाटबंधारे खात्याकडे अर्ज करा, नाहीतर उन्हाळ्यात पाणी कमी असताना बंधाऱ्याजवळ, पुलांजवळ स्वतः मोजा. शिरोलीजवळचा पुणे-बेंगळुरू हायवेचा भराव मॉडेलच्या चौकोनांच्या जाळीत ब्रेकलाईन (पाणी अडवणाऱ्या उंच कडेची रेघ) म्हणून ठळक टाका, तो टाकला नाही तर मॉडेलमधलं पाणी भरावातून आरपार जातं आणि हायवेच्या वरच्या बाजूची पातळी कमी दिसते.

दुसरं म्हणजे ऊस. पुस्तकातल्या तक्त्यात उभ्या पिकाला खडबडीतपणाचा आकडा (मॅनिंगचा n, जितका मोठा तितकं पाणी जास्त अडतं) 0.04 च्या आसपास दिलेला असतो. पण ऑगस्टमधला आडसाली ऊस डोक्याच्या वर, माणूस आत शिरला तर दिसत नाही, त्यातून पाणी पुढे सरकतं तरी किती? तिथे 0.08, 0.1 असे आकडे लावून बघा, काठावरची पातळी लगेच वर येते.

आणि खालचं टोक. हेक-रास विचारतं की नदी जिथे संपते तिथे काय अट, आणि बहुतेक जण नुसता उतार टाकून मोकळे होतात. पंचगंगेला ते चालत नाही. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगवटा चढतो. दक्षिणद्वार सोहळ्याच्या, म्हणजे पुराचं पाणी नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात शिरून दक्षिण दाराने बाहेर पडल्याच्या, बातम्या यायला लागतात तेव्हा शिरोळ तालुक्यातल्या माणसाला हे मॉडेलशिवाय कळतं. तर खालच्या टोकाला कुरुंदवाडच्या केंद्रीय जल आयोगाच्या केंद्रावरची त्या त्या दिवसाची पातळी द्या, इंडिया-डब्ल्यूआरआयएस या केंद्र सरकारच्या जलमाहितीच्या वेबसाइटवर शोधा.

आता जमवाजमव. 2019 वर मॉडेलमधले आकडे (मुरणं, खडबडीतपणा वगैरे) बसवा आणि 2021 वर काहीही न बदलता तपासा. ही जोडी मुद्दाम सांगतोय, कारण 2019 चा पूर सावकाश चढून दिवसेंदिवस मुक्काम ठोकून बसला आणि 2021 चा झपाट्याने चढला. दोन्ही जमले तर मॉडेलला नदी कळली असं म्हणता येईल. नॅश-सटक्लिफचा आकडा (मॉडेल प्रत्यक्षाशी किती जुळलं ते सांगणारा, 1 म्हणजे तंतोतंत) 0.8 आला की लोक खूश होतात, पण तो पूर्ण पावसाळ्याचा असतो, त्यात शेंडा चार फूट कमी आला तरी लपून जातो. शेंड्याची उंची, शेंड्याची वेळ आणि 43 च्या वर पाणी किती तास होतं, हे तीन वेगळे तपासा. बंधाऱ्यावरचे फूट हे पट्टीचे फूट आहेत, समुद्रसपाटीपासूनचे नाहीत, पट्टीचा शून्य किती मीटरवर आहे हे आधी विचारून घ्या.

गावातल्या खुणा म्हणजे सोनं आहे. भिंतीवर रंगाने मारलेली रेघ, देवळाच्या खांबावरची खूण, दुकानाच्या शटरवरचा गाळाचा पट्टा, प्रत्येकाचा फोटो, जागा, आणि जमिनीपासून उंची टेपने मोजून घ्या. उपग्रहाच्या सेंटिनेल-1 च्या रडार चित्रांवरूनही पूर दिसतो, पण उसाखालचं आणि घरांच्या मधलं पाणी त्याला नीट दिसत नाही आणि चित्र नेमकं शेंड्याच्या दिवशीच मिळेल असंही नाही. म्हातारी माणसं 2005 चीही खूण दाखवतील, घ्या, नोंदवा.

एवढं झालं की हवामान. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की 1950 ते 2015 मध्ये मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. हवा 1 अंशाने तापली की तिची बाष्प धरायची क्षमता साधारण 7 टक्क्यांनी वाढते. हे झालं कारण. पण जागतिक हवामान मॉडेलचा पाऊस उचलून थेट तुमच्या मॉडेलमध्ये ओतू नका, त्यांच्या चौकोनात सह्याद्री जवळजवळ सपाट असतो. दुरुस्त केलेला डेटा घ्या, आयआयटी गांधीनगरच्या विमल मिश्रांच्या गटाने 13 मॉडेलचा दक्षिण आशियासाठी 2020 मध्ये दिलाय तो बघा, आणि एकच मॉडेल न घेता सगळी चालवा.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा सोपा रस्ता घ्या. 2021 चाच पाऊस घ्या, तो 7 टक्के, 14 टक्के, 20 टक्के वाढवा, आणि प्रत्येक वेळी एकदा धरणं अर्धी भरलेली, एकदा काठोकाठ, एकदा कृष्णा शांत, एकदा फुगलेली असं करून चालवा. एका रात्रीत लॅपटॉप बरंच काही करून देतो. बघाल तर फूट तितकेसे वाढत नाहीत कारण पाणी पसरायला जागा आहे, पण धोक्याच्या वर राहण्याचे तास वाढतात आणि नवीन गल्ल्या पाण्यात येतात, आणि ज्याचं घर त्या गल्लीत आहे त्याला फुटांपेक्षा तेच महत्त्वाचं.

पूररेषेबद्दलही बोललं पाहिजे. महाराष्ट्रात निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. लोकांना वाटतं 100 वर्षांचा पूर म्हणजे आता पुढची 100 वर्षं निवांत. तसं नाही, दरवर्षी 1 टक्का शक्यता, आणि 30 वर्षं त्या घरात राहिलात तर 26 टक्के. तेही हवामान जुनंच आहे असं धरून. तुमच्याकडे वर्षातल्या सर्वात मोठ्या विसर्गाची 40 वर्षांची यादी असेल तर गुंबेलच्या सांख्यिकी पद्धतीने (दुर्मिळ मोठ्या पुरांचा अंदाज काढायची) 100 वर्षांचा पूर काढा, मग यादीचे दोन भाग करून परत काढा, फरक किती येतो ते बघा, मात्र मधल्या काळात धरणं झाली असतील तर त्याचाही हिशोब धरा. एकच रेघ काढून कुणाच्या हातात देऊ नका, पट्टा द्या, कमीतकमी इथपर्यंत आणि जास्तीत जास्त इथपर्यंत.

ग्रामपंचायतीला द्यायचं असेल तर रंगीत नकाशे कमी आणि एक साधा तक्ता ठेवा. डावीकडे राजाराम बंधाऱ्याची पातळी फुटांत, 43, 45, 47 अशी दोनदोन फुटांनी, मधल्या रकान्यात त्या पातळीला पाणी येणाऱ्या गल्ल्या, गोठे, शाळा, रस्ते गावातल्या नावाने, आणि शेवटच्या रकान्यात पाणी तिथे पोचायला मिळणारे तास. खाली कुठल्या वर्षीच्या पात्राच्या छेदांवर हे केलंय ते लिहा, कारण गाळ साचतो, भराव पडतात, नवे पूल होतात, आणि पावसाळ्यानंतर नव्या खुणा मोजून तक्ता परत तपासायला लागतो.