पडून राहिलेले काँटिनेंटल सी-९० इंजिन तपासताना

हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या 'पुष्पक' या छोट्या विमानात बसवलेले काँटिनेंटल सी-९० हे समोरासमोर आडव्या चार सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे, ९० अश्वशक्तीचे इंजिन आहे. वर्षानुवर्षे पडून राहिलेले असे इंजिन कोल्हापुरातील एखाद्या महाविद्यालयाच्या कार्यशाळेत प्रात्यक्षिकासाठी आले, तर पंखा (प्रोपेलर) धरून फिरवून पाहण्याचा मोह आधी आवरावा. इथल्या पावसाळ्यात सिलिंडरच्या आतील भिंतीवर गंज सहज धरतो आणि त्यावरून पिस्टनच्या कोरड्या रिंगा फिरल्या की ओरखडे पडतात.

दुसरे कारण मॅग्नेटोचे, म्हणजे इंजिन फिरताच प्लगच्या ठिणगीसाठी स्वतःच वीज निर्माण करणाऱ्या यंत्राचे. कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतील मेस्त्रींचा हात डिझेल इंजिनावर बसलेला असतो, जिथे ठिणगीचा प्रश्नच नसतो. मॅग्नेटोला मात्र बॅटरी लागत नाही. स्विच बंद केल्यावर तो एका तारेने फक्त अर्थ होतो, म्हणजे इंजिनच्या धातूशी जोडला जातो, आणि ती तार तुटलेली असेल तर स्विच बंद असतानाही पंखा हलवताच ठिणगी पडू शकते. म्हणून प्रत्येक सिलिंडरचे दोन, असे आठही प्लग प्रथम काढावेत. भोकांतून बोरोस्कोपने (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) आत पाहावे, गंज सोडवणारे तेल सोडून ते मुरू द्यावे आणि मगच पंखा सावकाश फिरवावा. अडला तर जोर लावू नये, सिलिंडर उतरवावा. तेवढ्यात क्रँकशाफ्टच्या खाली असलेल्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचे उंचवटेही पाहून होतात.

सिलिंडरांची मोजणी पंख्याकडून नव्हे, तर मागून होते: मागचा उजवा पहिला, मागचा डावा दुसरा. ठिणगीचा क्रम १-३-२-४ आहे. प्लगच्या तारा काढण्यापूर्वीच त्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात.

खरी माहिती मिळते ती दाबाच्या चाचणीत. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, एका गेजवर पाहून बारीक छिद्रातून ८० पीएसआय (दर चौरस इंचाला ८० पौंड) दाबाची हवा सोडतात आणि दुसऱ्या गेजवर सिलिंडरने किती दाब धरला ते पाहतात. या वेळी एकाने पंखा घट्ट धरलाच पाहिजे, कारण पिस्टन टोकावरून किंचित जरी सरकला, तरी हवेच्या दाबाने पाते फटकन फिरते. आकड्यापेक्षा आवाज अधिक सांगतो. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा किंवा सिलिंडरची भिंत गळते आहे. थंड इंजिनावरचे हे माप अंदाजापुरतेच धरावे. कधीकधी व्हॉल्व्हच्या सीटवर अडकलेला गंजाचा कपचाही आकडा पाडतो.

शेवटी तेलाची जाळी काढून तिच्यातला कचरा चुंबकाने तपासावा. चिकटला तर पोलाद, न चिकटता चमकला तर बहुधा बेअरिंग किंवा पिस्टनचा धातू.

एखादा भाग झिजलेला निघाला, तर तसा भाग उद्यमनगरात हुबेहूब बनवून मिळू शकेल आणि प्रात्यक्षिकाला तो चालेलही. मात्र उडणाऱ्या विमानात प्रमाणित भागच बसवावा लागतो आणि त्या कामावर परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याची सही लागते.